वाशिमात दहा लाख कुठून आणायचे?

चॅनल वाढवायचं असेल तर आधी वाशिम विसरा, असं आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना हल्ली उठताबसता ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांत नव्वद दिवसांत यशाची हमी देणारे कोर्सवाले आहेत, रिचार्ज मारतामारता मार्गदर्शन करणारे मोबाईल दुकानदार आहेत आणि स्वतःचं चॅनल दोन-अडीचशे सबस्क्रायबरवर रुतून बसलेले जाणकार मित्रही आहेत. सगळ्यांचं सांगणं इतकं सारखं, की एकाचं ऐकलं तरी सगळ्यांचं ऐकून होतं.

ते सांगणं असं. भाषा सुधारा, वऱ्हाडी ऐकून लोक हसतात. जमलं तर हिंदीच बोला, देशभरचा प्रेक्षक मिळतो. रोज एक व्हिडिओ टाका, विषय कोणताही चालेल, अल्गोरिदमला सातत्य लागतं. थंबनेलवर तोंड वासलेला फोटो, लाल बाण आणि फुगवलेला आकडा हवाच. लांब व्हिडिओ आता कोण बघतं, शॉर्ट्स टाका. पहिले हजार होईपर्यंत एकमेकांना सबस्क्राइब करा. आणि एवढं करूनही गाडी हलली नाही, तर सरळ पुणं गाठा. खेड्यात राहून काही होत नसतं.

या उपदेशाची एक खुबी मान्य करावीच लागेल. तो कधीच खोटा ठरत नाही. व्हिडिओ चालला तर सूत्राचा विजय आणि पडला तर तुमचं सातत्य कमी पडलं! कोर्सची फी दोन्ही वेळा सारखीच. अशा बिनजोखमीच्या शहाणपणाला वाशिमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळावं याचं नवल नाही. पण गिऱ्हाईक मिळालं म्हणून माल खरा होत नाही.

सुरुवात आकड्यापासूनच करू, कारण या मंडळींचा सगळा डोलारा आकड्यावर उभा आहे. दहा लाख सबस्क्रायबर झाले की यूट्यूब सोनेरी बटण पाठवतं. त्याचा फोटो प्रत्येक कोर्सच्या जाहिरातीत असतो. आता २०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजारांच्या घरात होती. म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या दर सहा माणसांमागे पाच जणांनी सबस्क्राइब केलं, पाळण्यातली लेकरं आणि डोळ्यांनी अधू झालेले म्हातारे धरून, तेव्हा कुठे ते बटण मिळणार. शॉर्ट्सच्या वाटेनं जाहिरातीची कमाई सुरू करायची तर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. इथे तर अख्ख्या जिल्ह्यानं तीन महिन्यांत आठ-आठ वेळा हजेरी लावायला हवी.

यावर गुरुजींचं उत्तर तयार असतं: "अरे, प्रेक्षक जगभरचा आहे!" असेल ना. पण त्या जगभरच्या प्रेक्षकासमोर जगभरचे व्हिडिओही आहेत. मुंबईचे विनोदवीर, दिल्लीचे मोबाईल समीक्षक, कोरियाची गाणी, सगळं त्याच पडद्यावर. त्या गर्दीत त्यानं तुमच्याकडेच का यावं? मुंबईच्या विनोदाची रिसोडात काढलेली नक्कल बघायला? २०१६ साली भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल सुरू झालं तेव्हा त्यांनी मुंबई-पुण्यातल्या आपल्याच वयाच्या, आपल्याच घरांतल्या पोरांची भाषा पडद्यावर आणली आणि ते गाजले. त्यांच्यापासून शिकायचं तर आपल्या घरातलं पडद्यावर आणायला शिकावं. आमचे शिष्य शिकतात ते त्यांच्यासारखं बोलायला. मालेगावच्या स्टँडवर उभं राहून "यार, सीन काय आहे?" म्हणणाऱ्या पोराला पुणेकरानं का बघावं आणि मालेगावकरानं तरी का बघावं?

आता भाषेकडे. वऱ्हाडी ऐकून लोक हसतात, हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खोटं विधान. वर्ध्याचे नितेश कराळे स्पर्धा परीक्षांचे वर्ग घ्यायचे. २०२०च्या टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन गेले आणि त्यांचं ठेठ वऱ्हाडीतलं शिकवणं गावोगावच्या मोबाईलवर पोचलं. 'खदखद मास्तर' हे नाव विदर्भाबाहेरही घराघरांत झालं. त्यांच्या पुढच्या राजकारणाशी इथे कर्तव्य नाही. मुद्दा एवढाच, की इतिहास-भूगोलासारखा रुक्ष विषय लोकांनी तासन् तास ऐकला. सुरुवातीला काही जण हसायला आले असतील. थांबले ते समजलं म्हणून. प्रमाण भाषेत तेच शिकवणारे शेकडो वर्ग तेव्हाही यूट्यूबवर होतेच की. मग ते का नाही गाजले?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे घ्या. सत्तरीतली बाई, हातात पळी, समोर नातू कॅमेरा धरून. 'आपली आजी' हे चॅनल लाखोंनी पाहिलं. आजींनी आधी भाषाशुद्धीचा वर्ग लावला होता का? छत्तीसगडमध्ये रायपूरजवळ तुलसी नावाचं गाव आहे. तिथली शेकडो माणसं, अगदी शेतकरी आणि आज्ज्यासुद्धा, छत्तीसगढीतल्या व्हिडिओंत काम करतात आणि २०२३ मध्ये सरकारनं गावात स्टुडिओ उभारून दिला. हिंदी येत नसलेलं गाव नव्हे ते. हिंदी त्यांच्या उंबऱ्याशीच आहे. तरी त्यांनी बोली धरली आणि देशाविदेशातले पत्रकार त्या गावात जाऊन आले.

बोलीमुळे प्रेक्षक लहान होतो म्हणणाऱ्यांनी एकदा मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जावं. रामनवमीच्या यात्रेत तेलंगण, कर्नाटक, आंध्र अशा कितीतरी ठिकाणांहून बंजारा समाज तिथे उतरतो. आमच्या तांड्यावर होळीला म्हटलेली लेंगी, श्रावणात टोपलीत गहू उगवून तीज बसवणाऱ्या पोरींची गाणी, ही बंजारा समाजाची गोरमाटी बोली वाशिम शहरातल्या अर्ध्या लोकांना कळत नसेल, पण शेकडो कोसांवरच्या तांड्यावर अक्षर न् अक्षर कळते. आता सांगा, लहान कोण? मानोऱ्यातल्या पोरानं तोडकंमोडकं हिंदी बोलून कोट्यवधींच्या गर्दीत हरवायचं, की चार राज्यांत पसरलेल्या आपल्या माणसांना आपल्या बोलीत गाणं ऐकवायचं? जिल्ह्याच्या नकाशाकडे बघून प्रेक्षक मोजणाऱ्याला हा हिशेब सुचतच नाही.

आणि वाशिमनं बोलीची लाज बाळगावी, हा तर इतिहासाचाच विनोद आहे. वाशिम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. चौथ्या शतकात इथल्या सर्वसेन राजानं 'हरिविजय' हे काव्य रचलं ते संस्कृतात नव्हे, महाराष्ट्री प्राकृतात. ते आज पूर्ण मिळत नाही, पण पाचशे वर्षांनी काश्मिरातल्या काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाला त्याची दखल घ्यावीशी वाटली. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही याच नगरात. सर्वसेनाच्या दरबारात एखादा ग्रोथ सल्लागार असता तर त्यानं नक्की सुचवलं असतं, "महाराज, प्राकृतात रीच मिळत नाही, संस्कृतात टाका." सुदैवानं तेव्हा असे लोक नव्हते.

रोज एक व्हिडिओ टाकायचा, हा दुसरा मंत्र. का? तर अल्गोरिदमला आवडतं. हा अल्गोरिदम नावाचा देव नेमका काय मागतो, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण ते कळलं तर मंत्र विकता येत नाही. यूट्यूबनं २०१२ मध्येच शिफारशीचं माप बदललं. किती जणांनी बोट टेकवलं यापेक्षा ते किती वेळ थांबले याला वजन आलं. पूर्ण जाहिरात-कमाईसाठीची अटही उघड आहे: १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं. साधं गणित करू. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुमचा व्हिडिओ माणूस सरासरी चार मिनिटं बघत असेल तर ६० हजार व्ह्यूज पुरतात. रोज काहीतरी टाकायचं म्हणून टाकलेला व्हिडिओ तो वीस सेकंदांत ढकलून देत असेल, तर त्याच अटीसाठी ७ लाख २० हजार व्ह्यूज लागतील. बारा पट! म्हणजे रोजच्या रतीबानं वाट जवळची झाली की लांबची?

शिवाय रोज सांगायला रोज काही घडावं लागतं. बाजार समितीतला भाव रोज बदलतो. तो सांगणाऱ्यानं रोज सांगावा, त्यात वाद नाही. पण शेतातलं पीक काही यूट्यूबच्या वेळापत्रकानं वाढत नाही. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत चिया आला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढायचा. बी इतकं बारीक, की वाळूत किंवा बारीक खतात मिसळून पेरावं लागतं. रोही आणि रानडुकरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून रानालगतच्या शेतकऱ्याला तो बरा वाटतो आणि वाशिमच्या बाजार समितीत त्याची खरेदीही होऊ लागली. या पिकावर हंगामात पाच-सहा व्हिडिओ पुरेत: बी किती आणि कसं टाकायचं, पहिलं पाणी कधी, तण कसं आवरायचं, काढणी केव्हा, विकायचं कुठे आणि शेवटी एकराचा खरा हिशेब, तोट्यासकट. हे सहा व्हिडिओ वेळेवर आले, तर नवा शेतकरी ते दोनदा बघेल, शेजाऱ्याला पाठवेल आणि पुढच्या पेरणीला पुन्हा उघडेल. त्यांच्या मधल्या दीडशे दिवसांत "आज मी नाश्त्याला काय खाल्लं" टाकून सातत्य राखणाऱ्याचा हा माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळून गेलेला असतो.

या उपदेशातला सगळ्यात घातक भाग थंबनेलचा. इतर सल्ल्यांनी चॅनलवाल्याचं नुकसान होतं, याने बघणाऱ्याचं होतं. सोयाबीन हे आमच्या जिल्ह्याचं नगदी पीक. केंद्रानं त्याचा हमीभाव २०२४-२५ साठी ४,८९२ रुपये क्विंटल ठरवला, २०२५-२६ साठी ५,३२८. दोन्ही हंगामांत बाजारातला भाव त्याखाली घसरलेला शेतकऱ्यांनी पाहिला. आणि त्याच दिवसांत मोबाईलवर काय दिसतं? "सोयाबीन आठ हजार पार? मोठी बातमी!" लाल बाण, जळता आकडा, वासलेलं तोंड. आत दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून शेवटी "येत्या काळात शक्यता नाकारता येत नाही." ज्याच्या घरात सोयाबीनचे कट्टे पडलेत, डोक्यावर कर्ज आहे आणि पोरीचं लग्न तोंडावर आलंय, तो हे बघून विक्री थांबवतो. भाव आणखी पडला तर थंबनेलवाला भरून देणार आहे का?

"पण क्लिक तर मिळालं ना!" मिळालं. एकदा. गुरुजी ज्याला युक्ती म्हणतात, ती यूट्यूबलाही आता नकोशी झाली आहे. शीर्षकात एक आणि व्हिडिओत भलतंच, अशा ढळढळीत फसवणुकीवर, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, कारवाई वाढवण्याचं त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं आणि सुरुवात केली ती भारतापासून. पण यूट्यूबचं सोडा. जिल्हा लहान असण्याचा एक फायदा असा, की इथे बघणारा आणि दाखवणारा एकाच आठवडी बाजारात भेटतात. परक्या शहरातल्या थंबनेलवाल्याला शेतकरी शोधू शकत नाही. तुम्हाला शोधायला त्याला अर्धा तास लागेल. तेव्हा तोंड वासायची पाळी कुणाची येईल?

लोकांना सनसनाटीच हवी असते म्हणणाऱ्यांनी परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डख यांच्याकडे बघावं. त्यांच्या हवामान अंदाजांवर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते गंभीरपणे घ्यायलाच हवेत. पण मराठवाडा-विदर्भातला शेतकरी त्यांचं ऐकायला का थांबतो, हा प्रश्न उरतोच. कारण ते तारीख सांगतात, भाग सांगतात आणि शेतकऱ्याच्या भाषेत सांगतात. शेतकऱ्याला पेरू की थांबू, एवढंच हवं असतं. ही भूक खरी आहे. ती कुणी जबाबदारीनं भागवली, अधिकृत अंदाज आपल्या तालुक्यापुरता उलगडून सांगितला, चुकला तर दुसऱ्या दिवशी चुकला म्हणून सांगितलं, तर त्या चॅनलला प्रेक्षक शोधत फिरावं लागेल का?

आता शॉर्ट्स. तीस सेकंदांत जग जिंकण्याची ही कल्पना नवी नाही. २९ जून २०२० ला केंद्रानं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. एका रात्रीत खेड्यापाड्यातल्या हजारो पोरांचे लाखो फॉलोअर हवेत विरले. ते फॉलोअर त्या पोरांचे नव्हतेच, ॲपचे होते. ॲप गेलं तसे तेही गेले. दुसऱ्या दिवशी त्या पोराचं नाव शोधत किती जण दुसरीकडे गेले? इथे लगेच सूरज चव्हाणचं नाव पुढे केलं जातं. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा हा मुलगा टिकटॉकवर गाजला आणि २०२४ मध्ये त्यानं बिग बॉस मराठीचा पाचवा हंगाम जिंकला. त्याचं कौतुकच आहे. पण लॉटरी लागलेल्याला विचारून कुणी शेतीचं नियोजन करत नाही.

शॉर्ट्सच्या आकड्याचं आणखी एक गुपित कोर्सात सांगत नाहीत. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसतं सुरू झालं तरी व्ह्यू मोजला जातो. बोटानं वर ढकलताना ओझरतं दिसलं तरी गणती झाली. कमाईसाठी मात्र खरोखर थांबून पाहिलेलेच व्ह्यूज धरतात. वाटाही कमी: लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के बनवणाऱ्याला, शॉर्ट्समधले ४५. म्हणजे यूट्यूबला स्वतःला माहीत आहे की ओझरतं पाहणं आणि बसून पाहणं यात फरक असतो. आमच्या सल्लागारांनाच तेवढा तो दिसत नाही. शॉर्ट हे दारावरची पाटी म्हणून ठीक. पण पाटीमागे घरच नसेल तर आलेला पाहुणा बसणार कुठे?

'तू मला कर, मी तुला करतो' या सबस्क्राइबच्या देवाणघेवाणीबद्दल फार बोलायचं कारण नाही. ते यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, मिसळपाव बनवणाऱ्यानं ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला आणि त्यानं मेकअप शिकवणारीला सबस्क्राइब करून हजाराचा आकडा गाठला, तरी नवा व्हिडिओ आला की तिघंही एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. ४,००० तास कोण बघणार, ते ठरलेलंच नसतं. विकत घेतलेल्या गर्दीपुढे भाषण करायची सवय आपल्याकडे पुढाऱ्यांना आहे. निदान ते तरी गर्दीला चहा पाजतात.

उरलं पुणं. खेड्यात राहून होत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही वेब मालिका असते. ती बारामतीजवळच्या कांबळेश्वरची मंडळी. पारावर, बांधावर, वाड्यात शूटिंग. सारोळा कासार खेडं, तुलसी खेडं. इंटरनेट महाग होतं तेव्हा शहराचं महत्त्व होतं, हे खरं. 'मधुराज् रेसिपी' २००९ मध्ये सुरू झालं ते अमेरिकेतून. त्या वेळी आमच्याकडे व्हिडिओ उघडायचा म्हणजे चकलीसारखी फिरणारी चकती बघत बसायचं. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ती अडचण गेली. आज वाशिममधलं पोर पुण्याला जाऊन काय मिळवतं? खोलीचं भाडं, खानावळीचा डबा आणि स्वतःकडे जे होतं ते सोडून आल्याचं समाधान. तूर, तांडा, शिरपूरचं जैन मंदिर, कारंज्याचं दत्तस्थान, वाशिमचा बालाजी, हे सगळं मागे ठेवून तिथे तो कॅफेत बसून 'माझा पुण्यातला दिवस' बनवतो. पुण्यात असे दिवस काढणारे कमी आहेत का?

ट्रेंड पकडा, या सल्ल्याचंही तसंच. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या दिवशी तेच हेलिकॉप्टर, तेच व्यासपीठ, तेच भाषण देशभरच्या वाहिन्यांकडे होतं, तेही आपल्यापेक्षा चांगल्या कॅमेऱ्यातून. सूत्रवाद्यांचा आग्रह मात्र त्यावरच चढण्याचा. खरा विषय दुसऱ्या दिवशी सुरू होत होता: आत काय आहे, कधी उघडतं, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायची सोय कशी, दिग्रसकडून येणारी बस कुठे थांबते, नगारा वाजवणारा माणूस कोण आणि तो कुणाकडून शिकला. मोठ्या वाहिन्या तोवर परत गेलेल्या असतात. रान मोकळं असतं. आपण त्या मोकळ्या रानात न जाता पांगलेल्या गर्दीच्या मागे का धावावं?

प्रतिपक्षाकडे शेवटचा हुकमी पत्ता असतो, पैशाचा. "तत्त्वज्ञान ठीक आहे, पण पाच हजार प्रेक्षकांत पोट भरतं का?" जाहिरातीतून नाही भरत, हे कबूल करायला मला कोर्स लागत नाही. पण जाहिरातीतून पोट भरणं हेच एकमेव ध्येय, हे ठरवलं कुणी? भजनी मंडळाचा व्हिडिओ पंचक्रोशीतल्या दोन हजार माणसांनी मनापासून पाहिला, तर सप्ताहाची सुपारी येते. ट्रॅक्टर, मोटर, स्प्रेपंप नीट करून दाखवणाऱ्याकडे दहा गावांतून माणसं यंत्र घेऊन येतात. रोपवाटिकावाल्याची रोपं जातात, शिकवणीवाल्याच्या वर्गात पोरं वाढतात, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या तारखा भरतात. या पाच हजारांत प्रत्येक जण गिऱ्हाईक होऊ शकतो, कारण तो हाकेच्या अंतरावर आहे. देशभर विखुरलेले पाच लाख अनोळखी लोक तुमच्याकडून रोप विकत घ्यायला मानोऱ्याला येणार आहेत का? कमाईचं गणित सूत्रवाद्यांनीच कच्चं ठेवलंय आणि भाबडेपणाचा आरोप मात्र आमच्यावर!

'एंगेजमेंट' हा शब्द ही मंडळी अशा थाटात उच्चारतात, जणू श्रोत्याशी बोलायचं असतं हा शोध कॅलिफोर्नियात लागला. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावच्या गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे अखंड सवाल-जवाब होता. ठेठ वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे, समोरच्या शेकडो माणसांकडून उत्तर वदवून घ्यायचं आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढायचा. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे ते लोकांच्या तोंडूनच बोलवून घेत. ना थंबनेल, ना बेल आयकॉन. माणसं मैलोन् मैल चालत येत. कारण समोरचा माणूस आपल्याशी बोलतोय, आपल्याबद्दल बोलतोय, हे त्यांना कळत होतं.

तेव्हा चॅनल वाढवायचं कसं, याचं उत्तर या जिल्ह्यात आधीपासून आहे. कमेंटमध्ये "भाऊ, आमच्या तुरीचे शेंडे सुकून राह्यले, काय करू?" असं कुणी विचारलं, की पुढचा व्हिडिओ ठरला. त्याचं शीर्षकही त्यानंच दिलं. कारण दुसरा शेतकरी मोबाईलला तोंडानं सांगून शोधतो तेव्हा 'तूर पीक व्यवस्थापन' म्हणत नाही, शेंडे सुकले असंच म्हणतो. शीर्षकात पीक, तालुका, तारीख टाका. स्वतःला माहीत नसेल तर रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा आणि ज्यानं सांगितलं त्याला कॅमेऱ्यासमोर बोलू द्या. वाऱ्यात आवाज फाटतो, म्हणून महागड्या कॅमेऱ्याआधी साधा कॉलर माइक घ्या. चित्र धूसर असलं तरी माणूस बघतो, ऐकू आलं नाही की जातो. माणसं कोणत्या मिनिटाला सोडून जातात, हे यूट्यूब स्टुडिओतला आलेख फुकट दाखवतो. तो बघा आणि तेवढा भाग पुढच्या वेळी कापा. नफा दाखवाल तसा तोटाही दाखवा. यात गूढ काही नाही, म्हणूनच याचा कोर्स निघत नाही.

दहा लाखांच्या मागे लागून आपली बोली, आपला विषय, आपला शब्द आणि शेवटी आपलं गाव विकणाऱ्याला प्रेक्षक मिळत नसतो. मिळतो तो फक्त एक आकडा, आणि तो आकडा ज्या कंपनीचा आहे तिनं नियम बदलला की तोही जातो. ज्याच्या सांगण्यावर एखाद्यानं पेरणी केली, ज्याचं गाणं दूरच्या तांड्यावर पोरींनी पाठ केलं, ज्याच्या धड्यावर एखादं पोर परीक्षा पास झालं, त्याचा प्रेक्षक कोणतंही ॲप बंद पडलं तरी त्याला शोधत येतो. वाशिम ही अडचण आहे, असं सांगणाऱ्यांना पोरांनो, खुशाल सांगा: वाशिम हाच आमचा माल आहे, आणि तो आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडेही नाही.